बाहेरची हवा

सिल्लामाएचा जिना समुद्राच्या रोखानं उतरतो.
रिम्मा आता नवव्या पायरीपर्यंतच जाते,
गुडघ्यांशी तसा करार झालाय तिचा.
तिथून दिसतो बाल्टिक, शिशाच्या रंगाचा,
आणि पश्चिमेला ती हिरवळ अंथरलेली टेकडी
जिच्यावर कुणी शेळ्या चारत नाही.

टेकडीखाली युरेनियमचा गाळ आहे.
"सहा गमावलेलं युरेनियम पिवळं," ती सांगते,
"पाण्यात विरघळतं, गावभर भटकतं.
त्याला दोन परत द्या, काळवंडतं, जागेवर बसतं.
माझा वाल्देकोही तसाच.
दोन प्याले दिले की बसायचा."
हसते. मग बराच वेळ खोकते.

नकाशावर नव्हतं हे गाव तेव्हा.
पत्रावर नुसता पेटीचा क्रमांक.
रात्रपाळीला, तिसऱ्या शेडमध्ये,
रिम्मा लँथेनाइडांच्या रांगेपुढे उभी:
सगळी भावंडं एका तोंडवळ्याची,
सगळ्यांनी तीन-तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले,
कुणाला ओळखायचं कशावरून?
जस्त यायचं कणाकणानं, वाटत,
आणि एकटं युरोपियम हात पुढे करायचं.
एक घ्यायचं. दोनावर यायचं.
सात खोल्या, प्रत्येकीत एकेक बिऱ्हाडकरू,
कुणाची कुणाशी दाटी नाही.
मग गंधकाम्लात पांढरं होऊन तळाशी उतरायचं,
सॅमेरियम, गॅडोलिनियम वरच्या वर वाहून जायची.

या घेण्याला आपल्या पुस्तकात शब्द आहे क्षपण.
मी तो क्षयाच्या शेजारी ठेवून पाठ केला होता.
मिळालं तरी झिजलं म्हणायचं.
रिम्माच्या भाषेत त्याच क्रियेचं नाव
पूर्ववत होणं, पडलेलं घर पुन्हा उभारणं.
मी तिला आपला शब्द समजावून सांगितला.
ती चहात जॅम ढवळत राहिली.
म्हणाली, "तुमच्याकडे घ्यायला लाज वाटते का?"

द्रावणावर कार्बन डायऑक्साइडची दुलई असायची.
बाहेरची हवा लागू द्यायची नाही, असा नियम.
एका जानेवारीत ती लागली.
मारेत तापानं फणफणलेली,
वाल्देको खिडकीवर टकटक करतोय,
टोपीवर बर्फ, तोंडातून शब्द नाही.
रिम्मा दाराशी गेली. मागे नळी निसटली.
परत आली तर तळ कोरा,
अख्ख्या रात्रीचं काम पुन्हा तिनावर.
फोरमननं वहीत लिहिलं: निष्काळजी.
पगारातून काय कापलं ते तिला अजून पाठ आहे.

तीच मारेत पुढे तुर्कूला गेली, फिन्निश बोलू लागली.
शेजारणी म्हणाल्या, पोरीला हवा लागली.
रिम्मा कपडे वाळत घालत होती.
"लागू दे," म्हणाली, तोंडात चिमटा धरून.

आणि एक गोष्ट फोरमनलाही ठाऊक होती,
पण वहीत तिला रकाना नव्हता:
लाल चमकतं ते तिनावरचंच.
दोनावरचं निळं.
गावात पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा
बर्फावर एक बाई गिरक्या घेत होती,
झगा असा लाल की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे बदलले.
मारेतनं काचेला नाक लावलं.
"आई, हे तू केलंस?"
रिम्मानं तिला बखोटीला धरून मागं ओढलं.
इतक्या जवळून डोळे बिघडतात.