टाकीवरचं नाव

वारा ताशी वीस मैलांच्या वर गेला की रंगकाम बंद.
म्हणजे इथं वर्षातले मोजून चाळीस दिवस काम.
आज सकाळपासून वारा कुठंतरी अडकून पडलाय,
म्हणून लोवेल क्राटोचविल, वय एकसष्ट,
पाण्याच्या टाकीला दोरावर लोंबकळत
शहराचं नाव रंगवतोय.

एकेक अक्षर त्याच्याहून हातभर उंच.
इतक्या जवळून नाव वाचताच येत नाही.
नुसता निळा. मग पांढरा. मग परत निळा.

खालून, दोर धरलेला बिशार ओरडतो,
"वरून काय दिसतं?"
"सगळं. फार वेळ लागत नाही."

दिसतो रूळ, शहराची मधोमध फाळणी केलेला.
कोळशाची गाडी आली की एकशे दहा डबे जाईस्तोवर
लोक गाडीत बसून नखं कापतात, भांडणं मिटवतात.
एका हिवाळ्यात मेर्ना ओल्डेनकँप तिथंच बाळंत झाली.
त्या पोराचं मधलं नाव पॅसिफिक.
समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही.

धान्याच्या कोठ्या. चर्चचे सुळके त्यांच्या कमरेला लागतात.
ओक, एल्म, हिकरी: रस्त्यांना झाडांची नावं,
ज्यांनी दिली ते पूर्वेकडून आले होते,
इथं सावली नव्हती, शब्द होते.
एल्म रोगात गेले. पाट्या टिकल्या.

हॅलबर्ग आणि मुलगे, चार मजली दुकान,
मुलगे डेन्व्हरला, घड्याळात चार वीस.
पण त्याच्याच मागे, खसखशीचे कोलाचे विकणाऱ्या
बेकरीला लागून
आता डब्यातलं उंटाचं दूध मिळतं.

आणि दक्षिणेला वाफ, कत्तलखान्याची.
वारा तिकडून सुटला की म्हातारे म्हणतात, पैशाचा वास.
बिशारची आई रात्रपाळीला तिथं हाडं सोडवते.
ती वासाबद्दल काही म्हणत नाही.
सकाळी बोटं गरम पाण्यात धरून बसते फक्त.

दहा वाजले. महिन्याचा पहिला बुधवार.
चक्रीवादळाचा भोंगा, चाचणीचा, वाजायला लागला.
शहरात कुणी मान वर केली नाही.
नाभिकाची कात्री थांबली नाही.
लोवेल सांगायचं विसरला होता.

भोंगा म्हणजे पळ,
हे बिशार चालायच्या आधी शिकला होता,
दुसऱ्या देशात.

तीन मिनिटं.
दोर हलला नाही.

मग लोवेल उतरला. बिशारच्या तळव्यांकडे बघितलं,
काही बोलला नाही, थर्मासमधली कॉफी त्याच्या पुढे केली.
"जरा लांब जा," म्हणाला, "हायवेपर्यंत,
आणि वाच. अक्षरं तिरकी झालीत का बघ."

पोरगा चालत गेला, लहान होत गेला,
वळला,
आणि मोठ्यानं वाचलं.

त्याच्या तोंडी नावात एक स्वर जास्त लागतो.