मूय

फूल नको देखू, म्हणाली तुयसाबाई, मूय देख.
अमळनेरच्या पुढे, बोरीकाठी, ज्वारीच्या चार तासांत
आम्ही दोघी उकिडव्या.
माझ्या वहीत मूळ, तिच्या तोंडी मूय.
मी हसून विचारलं, मावशी, तुमचा ळ कुठे गेला?
तुना य कथा गया, म्हणाली,
आणि खुरपं बुडाशी घातलं.

टारफुला. वीतभर, पांढऱ्या फुलाचा, दिसायला गरीब.
बी याचं बोटाच्या रेषेत मावतं, शंभर.
पंधरा पंधरा वर्षं पडून राहतं काळ्या मातीत,
काही न करता.
ज्वारी उपाशी असली की मुळांतून साद घालते
बुरशीला, जुन्या मैत्रिणीला:
ये, थोडं स्फुरद आण.
साद तिच्यासाठी.
ऐकतो हा.
मग चार दिवसांची मुदत. पोचला तर मुळात मूळ,
नाहीतर संपलं.

सुरुवातीला चोर नसणार कुणीच.
शेजारच्या मुळाला मूळ लागलं असेल अंधारात,
घोटभर पाणी आलं असेल, फुकट.
मग पानांचं काम हलकं झालं.
बांधावरच्या अमरवेलीला तर पानंही उरली नाहीत,
जमीनही नाही,
बोराटीवर पिवळा गुंता तेवढा.
फुलझाडांत हे बारा वेळा झालं म्हणतात,
एकमेकांना न विचारता.

नऊ-दहा साल इथे कपाशीच होती.
कपाशीही तशीच साद घालते.
हा फसून उठतो, धरायला जातो,
जमत नाही, मरतो.
गेला टारफुला, म्हणाले सगळे.
यंदा तुयसाबाईला भाकरी दादरचीच हवी होती,
चार तास टाकली,
आणि हा हजर.
भुई इसरस नही, ती म्हणाली,
रागावून नव्हे, एखाद्या पाव्हण्याबद्दल बोलावं तसं.

ढेकूळ बादलीत सोडलं. माती सुटायला वेळ लागला.
दोन मुळं भेटली तिथे एक गाठ,
मोहरीएवढी, पांढरट.
मी भिंग धरलं. ज्वारी कुठवर, हा कुठून,
रेघ सापडेना.
तुयसाबाईनं नखानं गाठ दाबली.
थेंबभर रस आला.
हाऊ कोना, तिनं विचारलं.

वहीत ती ओळ अजून कोरी आहे.