गॅलनला अकरा

एकोणनव्वद सालची फोर्ड, रंग कधीकाळी हिरवा.
मी बसते उजवीकडे, जिथे ड्रायव्हर बसत नाही तिथे,
डावा पाय लांबवून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर,
उजवा खिडकीबाहेर, लोकांच्या पत्रपेट्यांत.
नॉर्थ डाकोटात आमच्या बाजूला टपाल असंच वाटतात,
ज्यांच्या वाट्याला सरकारी गाडी येत नाही ते.
एकशे बारा मैल, चौसष्ट पेट्या,
आणि गाडी गॅलनला देते अकरा मैल.
अकरा!
थेंबे थेंबे तळे साचे म्हणणाऱ्याने
ही टाकी पाहिली नव्हती.

वहीत लिहिते: तारीख, मैल, गॅलन, डॉलर.
जावई म्हणतो, विकून टाका.
त्याचं स्वतःचं कर्ज पांढरं आहे,
चार दारांचं, चकचकीत.

एप्रिलात मागच्या हौद्यातून वाळूची सहा पोती उतरवली.
बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून नोव्हेंबरात टाकलेली;
एक तर त्याच्याही आदल्या नोव्हेंबरातलं,
शिवण उसवून त्यातून गवत आलेलं.
म्हणजे मी पेट्रोलवर बाग पोसत होते.
टायरांत हवा पस्तीस हवी, सव्वीस निघाली.
मागचा डावा ब्रेक चिकटलेला,
ड्रमला हात लावला तर पोळला.
कोण जाणे किती महिने
मी थांबत थांबतच धावत होते.
एवढं करून बारा.
वारा पाठीशी असला तर साडेबारा.

मग ऑरिन ट्वेट.
तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या,
आता आवाज आवडला तरच गाडी बघतो.
बॉनेट उघडून बराच वेळ नुसता ऐकत राहिला.
एक्झॉस्टच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं.
"हिला थंडी वाजतेय."
जूनमध्ये?
"पाणी किती तापलं ते सांगणारा एक सेन्सर असतो.
तो कधीतरी जानेवारीत मेला आणि तिथेच राहिला.
इंजिन भाजून निघालं तरी हा सांगतो, गारठा आहे,
आणि ते बिचारं ऊब यावी म्हणून पीतच सुटतं."
अठरा डॉलर. करंगळीएवढी वस्तू.
मी काही बोलले नाही.
अशा एका माणसाबरोबर मी बावीस वर्षं काढली आहेत.

चौदा.
सलग तीन आठवडे चौदा.

गाडीत खोट उरली नाही
तेव्हा माझा डोळा रस्त्यावर गेला:
खडीचे नऊ मैल आत, नऊ मैल बाहेर,
टोकाला एकच पेटी, हाल्वर स्टेनरसनची.
बियाण्यांचे कॅटलॉग, औषधाच्या दुकानाची जाहिरात,
कधी तेही नाही, तरी पेटीला टेकून उभा.
रोज सव्वा गॅलन, वर थोडं.
मी त्याला सांगितलं नव्हतं. ऑरिनने सांगितलं असेल;
लहान गावात आकडे पायी फिरतात.

सोमवारी पाहते तर हमरस्त्याच्या फाट्यावरच
त्याची पेटी, नवा खांब, काँक्रीट अजून ओलं.
आत पेन्सिलीने चिठ्ठी:
आता इथपर्यंतच येत जा. पेट्रोल वाचेल.

वाचलं. खरंच वाचलं.
महिनाअखेरीला बेरीज तीनदा केली.

शुक्रवारी फाट्यावरच्या पेटीत कॅटलॉग ठेवते,
झाकण लावते,
लाल कान खाली पाडते,
आणि खडीवर वळते.
ते मैल वहीत लिहीत नाही,
म्हणून कागदावर गाडी पुन्हा साडेतेरावर आली आहे
आणि जावयाला वाटतं, सांगितलं होतं की नाही!

गेल्या शुक्रवारी हाल्वरने विचारलं, रस्ता चुकलीस?
म्हटलं, ब्रेक तपासतेय,
खडीवर नीट कळतात.
तो वाकून चाकाकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
अजून थोडे चिकटतायत.