तासाभराने विचार

वाटणीत घर वॉल्टरला गेलं,
मला आली ही बावीस फुटी गाडी,
चाकांवरचा संसार, छताला एका कोपऱ्यात ओल,
आणि पुढे दांड्यावर, काळ्या पेटीत
दोन बॅटऱ्या,
त्याच्याइतक्याच अबोल.

ॲरिझोनात जानेवारीतली रात्र
दगडाला घाम फोडणाऱ्या दिवसाची सावत्र बहीण.
हीटरचा पंखा दर वीस मिनिटांनी उठतो,
घरघरतो, बॅटरीतलं थोडं पितो, पुन्हा आडवा होतो.
परवा पहाटे तीनला तो उठलाच नाही.
मी कोटावर कोट चढवून बसले,
मोज्यांवर मोजे.
एकतीस वर्षं नेब्रास्कात शाळेची बस चालवली,
उणे वीसातही एक पोर कधी रस्त्यात ठेवलं नाही,
आणि इथे अंधारात
एका दिव्याचं बटण दाबत होते
जसं काही ते मला ओळखत नाही.

उजाडल्यावर जनरेटर बाहेर काढला.
लाल, बॅगेएवढा, वॉल्टरने कधी हात लावू न दिलेला.
दोरी ओढली. सात वेळा.
आठव्या वेळी दोरीऐवजी तोंड चाललं.

पलीकडच्या गाडीतून युला आली,
हातात कॉफी, पायात नाडी न बांधलेले बूट,
नौदलात बावीस वर्षं वायरी जोडून परतलेली.
"चोक," म्हणाली.
एवढंच.

मग मी जनरेटरच्या बारा व्होल्टच्या भोकात
चिमट्यांची वायर खुपसायला गेले तर म्हणाली,
"वाटीने विहीर भरणार आहेस का?
गाडीची ती जाड केबल आण.
आतलं चार्जर आपलं बघून घेईल.
आणि धुराचं तोंड तिकडे,
दारापासून लांब, वारा जाईल त्या दिशेला.
झोपेत गेलेलं एक जोडपं मी पाहिलंय.
दोघंही हसरी दिसत होती, म्हणून जास्त वाईट."

पहिला तास बॅटऱ्या ढसाढसा प्यायल्या,
जनरेटर चढावर लागलेल्या बससारखा कण्हत होता.
मग आवाज उतरला. घोट लहान झाले.
"शेवटचा पाव भाग भरायला
आधीच्या पाऊण भागाइतका वेळ," युला म्हणाली,
आणि खुर्ची ओढून बसली
जणू तिला कुठे जायचंच नव्हतं.
तंबूतला म्हातारा दोनदा बाहेर येऊन
आमच्याकडे, मग घड्याळाकडे बघून गेला.
निवडुंगावर एक सुतारपक्षी,
त्याला मात्र आवाजाचं काही नाही.

दुपारी पेट्रोल संपलं. शांतता कानात दुखली.
मी धावत मीटर लावला.
तेरा पॉइंट एक!
युलाला हाक मारून आकडा सांगितला,
शाळेतल्या पोरीसारखा.

"आत्ता नको विचारूस," ती म्हणाली.
"आत्ता तिच्या अंगात दुसऱ्याचा जोर आहे.
आत्ता ती म्हणणार, मी मजेत आहे.
केबल काढ, दिवे बंद कर,
तासभर एकटी बसू दे तिला,
दोन तास बसली तर आणखी बरं.
मग जो आकडा येईल तो तिचा."

तेवढ्यात ओमाहाहून लेकीचा फोन.
दर रविवारी असतो, न चुकता,
आणि दर रविवारी माझ्याकडे तेरा पॉइंट एक तयार असतो,
ऊन छान आहे, शेजार छान आहे,
तुझे बाबा कसे आहेत.
"आई, कशी आहेस?"
"थांब," म्हटलं, "तासाभराने कर."
"का? काय झालं? आई?"
"अगं काही नाही. तासाभराने."

चार वाजता मीटर लावला.
बारा पॉइंट पाच.
युलाने मान तिरकी करून वाचला.
"नव्या नाहीत," म्हणाली, "पण रात्र काढतील."

लेकीला मी काय सांगितलं ते तिच्या-माझ्यात.
बराच वेळ बोललो. मध्ये ती रडली, मग मी,
मग छतातल्या ओलीवरून दोघी हसलो.

पहाटे तीनला जाग आली, सवयीने.
अंधारात कान देऊन पडून राहिले.
वीस मिनिटं, की जास्त?
पंखा उठला,
कुरकुरत, नाखुशीने,
पण उठला.