आडवं काप

सिव्हिलच्या डॉक्टरनं चिठ्ठीच्या पाठीमागं
बॉलपेननं एक जनावर काढलं.
चार पाय, शेपूट, शिंगं मागं वळलेली,
म्हणजे म्हैसच असावी.
पोटाखाली फुली मारली.
छातीवर फुली. बरगड्यांवर फुली.
मागच्या मांडीभोवती मात्र गोल केला.
"हे चालेल, पंधरा दिवसांतनं एकदा.
कोंबडी खाल्ली तर कातडी काढून.
मासा खा म्हटलं असतं,
पण सोलापुरात रोज कुठनं आणणार तुम्ही."
अण्णा चिठ्ठीकडं न बघता
खिडकीतल्या लिंबाकडं बघत होते.

रविवारी विजापूर वेशीत गेले.
राजेसाबच्या दुकानात आमच्या घराचं
काही बोलून सांगावं लागत नाही:
अर्धा किलो, सीना जास्त, दोन नळ्या,
चरबीचा गोळा वरनं फुकट.
गोळ्याला हात घातलाच होता त्यानं.
म्हटलं, थांबा. चिठ्ठी पुढं केली.
त्यानं चष्मा कपाळावरनं खाली ओढला,
फुल्या मोजल्या.
"म्हैस बरी काढलीय बगा. खुरं तेवढी राहिली."
मग आतनं मांडी आणली, हुकाला लावली,
ट्यूबलाइटखाली गोल फिरवली.
"पांढरं दिसतंय का कुठं, ताई?
जनावर ज्याच्यावर चालतं, तिथं चरबी बसत नाही.
पण चिवट असतंय. ते आधीच सांगतो."
मी अंडरकट विचारलं, कुठंतरी ऐकलेलं.
"ते हॉटेलवाले पहाटेच नेतात."

आमच्यात निवडायची पद्धत नव्हती.
निवडणं हे तांदळाचं, मेथीचं.
मोठ्याचं आलं की वाट्याला येईल ते,
वजडी, फाशी, खूर, कधी नुसतं रक्त.
बुधवार पेठेत पत्र्यावर आई चान्या वाळत घालायची
आणि कावळे हाकायला काठी घेऊन मी.
हे नको, ते द्या, तिथलं नको, इथलं,
असं म्हणताना त्या दिवशी
माझाच आवाज मला परका वाटला,
आणि थोडा आवडलाही.

घरी शिजवलं. तासभर.
अण्णांनी एक तुकडा गालात ठेवला,
या बाजूला, मग त्या बाजूला,
मग ताटाच्या कडेला काढून ठेवला.
"तवंग नाही रश्श्याला.
गिरणीला भोंगा नसल्यासारखं."
कडक भाकरी पाण्यात भिजवून
शेंगाचटणीबरोबर खाल्ली
आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

पुढचे पंधरा दिवस नळीचं नाव नाही.
डॉक्टरला शिव्या नाहीत.
ते जास्त वाईट.

परत मांडी आणली. सुरी घेतली.
मागं कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
तुकडा माझ्या हातातनं घेतला,
खिडकीजवळ नेला, उजेडात धरला,
चादरीचा नमुना तपासायचे तसा.
मग अंगठ्याचं नख,
शटलनं कधीच चेपलेलं ते नख,
मांसावरनं हळू ओढत नेलं.
"ताणा कुणीकडं चाललाय, बघ.
तू त्याच्याबरोबरच सुरी चालवतेस.
एवढा लांब धागा
माझ्या पाच दातांनी तुटायचा कसा?
आडवं काप."

मीच कापू का, असं विचारलं नाही त्यांनी.
पाटावर बसले, बनियनवर,
आणि बोटाएवढ्या जाडीनं
सरळ, एका मापात कापत गेले.
बत्तीस वर्षं तुटलेली सुतं जोडली होती या माणसानं.
आता एकेक मुद्दाम तोडत होता,
ओठ आवळून, मन लावून.
कुठं पांढरी शीर दिसली की
सुरीच्या टोकानं उचलायची,
वाटीत टाकायची.
मांजरासाठी, म्हणाले.
आमच्याकडं मांजर नाही.

दही, आलं, कच्च्या पपईची फोड.
कुकरला शिट्ट्या किती, तेही त्यांनीच ठरवलं.
दारात खुर्ची टाकून मोजत बसले.
ऊन इतकं की समोरच्या लूमची खटखटसुद्धा
सुस्त ऐकू येत होती.
चौथी झाली. पाचवी झाली.
सहावीच्या आधी, माझ्याकडं न बघता:
"राजेसाबला नळीचं विचारलं होतंस का?
आणायची नाही गं.
नुसतं विचारलं होतंस का?"