तीन पेले मैदा

तीन पेले मैदा.
पेला म्हणजे श्क्लांका, हा गोशाचा शब्द.
वजनकाट्यावर तिचा विश्वास नव्हता.
त्या मापाचा पेला माझ्याकडे एकच उरलाय,
लग्नात वाटायला कसेरा बाजारातून आणलेल्या दीडशेंपैकी शेवटचा:
चि. निनाद व चि. सौ. कां. माऊगोजाटा.
कोरणाऱ्याला तीनदा सांगितलं, त आहे हो, तलवारीतला.
त्यानं ट ठोकला.
म्हणाला, काकू, स्टीलवर असंच उमटतं.

मग सगळी तिला गोशाच म्हणायला लागली.
आत्याबाई हसून हसून दमल्या:
सरदारांच्या बायका गोषात राहायच्या,
आणि आमची गोशा बघा,
हाफ पँटवर सायकल काढून निघाली सियागंजला.

सांचीच्या लोण्याचा एक पुडा, थंडगार.
तिच्याकडे घालतात आंबट साय. मी घातला चक्का.
रात्रभर दही नळाला टांगलेलं, दसऱ्याला टांगते तसं.
सकाळी फडकं पिळत ती म्हणाली, आई, हे जास्त बरं.
छत्तीस वर्षं ह्या घरात रांधतेय,
एवढ्या थोडक्यात कुणी वाखाणलं नव्हतं.

दोन अंड्यांचा बलक.
पहिली अंडी तिनं बाल्कनीत फोडली होती
तुळशीकडे पाठ करून, कुणी न सांगता.
आज मी ओट्यावर फोडते.

मार्चमध्ये सह्या झाल्या, तिकडेच, व्रोत्स्वाफला.
निनादनं फोनवर सांगितलं,
गाडी लेट आहे म्हणून सांगतात तसं.
मी विचारलं, जेवलास का?
दुसरं काय विचारायला हवं होतं
ते अजून सुचलेलं नाही.

आज चोवीस डिसेंबर.
आज तिचा उपास, पहिली चांदणी दिसेपर्यंत.
चतुर्थीला मी गच्चीत उभी असायचे तेव्हा
ही शाल घेऊन शेजारी.
आमचं जमलं ते तिथेच,
उपाशीपोटी आकाशाकडे बघत.

पोळीएवढं लाटायचं.
करंजीच्या कातण्यानं आठ त्रिकोण.
रुंद बाजूला गुलकंद, घरचा, चाळीस दिवस उन्हात मुरलेला.
तिथून टोकाकडे गुंडाळत न्यायचं, मग चंद्रकोर वळायची.
रोगालिकी.
मला रोगीच ऐकू यायचं.
ती म्हणायची, शिंगं, आई, छोटी छोटी शिंगं.

खंडेलवाल भाभी डोकावल्या,
किसके लिए बन रहा है?
मी म्हटलं, ऐसे ही, ठंड है.
पुढे त्यांनी विचारलं नाही.
जाताना दार मात्र हळू लावलं.

पहिला ट्रे बाहेर आला
तर अर्ध्या शिंगांनी अंग सोडलेलं,
गुलकंद वाहून पत्र्याला डांबरासारखा चिकटलेला.
वास तोच होता.
फोटो काढला. पाठवू की नको,
ह्यात चहा गार झाला.
पाठवला. नुसता फोटो.
लिहिणार काय?
आमच्या भाषेत चुलत, मावस, आते, मामे,
नणंदेच्या जावेलासुद्धा काहीतरी म्हणतात,
आणि ह्याला शब्द नाही.

साडेचार तासांचा फरक. तिथे दुपार असेल.
दोन निळ्या खुणा. मग काहीच नाही.
मी ओटा पुसला, पेला विसळला,
त्या ट वरून उगाच बोट फिरवलं.

मग आवाज आला, सर्दी झालेला,
कुणीतरी मागे भांडी लावत होतं:
आई, तोक खाली.
तोक खाली थेवायचं. नाहीतर उघडतात.

दुसरा ट्रे भरून तयार होता. सोळा शिंगं.
एकेक उचललं, फिरवलं,
टोक खाली घेऊन बोटानं दाबलं.
ओव्हनचं बटण फिरवलं.
बाहेर लोकमान्य नगरात पोरं अजून क्रिकेट खेळत होती,
चेंडू दिसण्याइतका उजेड होता.
तिच्या चांदणीला अजून बराच वेळ होता.