साखरू नये म्हणून

अंबडला, गरवारे पॉइंटच्या अलीकडे,
आमच्या इमारतीत एक कपाट आहे.
आत कायम चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के दमट.
बाहेर फेब्रुवारी, स्कूटरच्या सीटवर दव,
हेमलता गांगुर्डे अजून मफलर सोडत नाही
आणि मी दार उघडून हात घालते
कोकणातल्या मे महिन्यात.

ओळीने बाटल्या. बाटल्यांत एक औषध,
त्याचं नाव अजून नुसता आकडा.
पाण्यात न विरघळणं हा त्याचा मूळ स्वभाव.
रेणू कवायतीला उभे, एकमेकांचे खांदे धरून,
पोटात जातात तसेच, निघतात तसेच,
रोग्याला कळतही नाही
कुणी येऊन गेलं म्हणून.

मग आम्ही ते वितळवतो, झटक्यात गार करतो.
रांग मोडते.
घंटा झाल्यावरच्या शाळेसारखी होते पूड,
दिसेल त्या पाण्यात उडी घेणारी.

पण मोडलेली रांग रांगेला विसरत नाही.
बरणीतला मध साखरतो ना,
कुणी हात लावलेला नसताना, तळापासून,
तसं.

आधी आम्ही ॲसिटोनमधून लेप फवारला.
सुरेख बसला. चकाकला. साहेबांनी फोटो काढला.
तिसऱ्या महिन्यात क्ष-किरणांच्या आलेखावर
जिथे चामरलेण्याची बैठी टेकडी हवी
तिथे त्र्यंबकमागचे सुळके.
उडून गेलं म्हणत होतो ते द्रावक
कणभर आत मुक्कामाला राहिलेलं,
रेणूंना कूस बदलायला
त्यानेच जागा करून दिलेली.

डबा खाताना हेमलता म्हणाली,
पोळीच्या गोळ्याला पिठी लावताना
पाणी कोण घालतं गं?

एवढंच. पुढचे सात महिने त्या वाक्याचे.
थेंब न घालता, नुसत्या घुसळणीने
कणाला कण चिकटवायचा,
मोठ्याच्या अंगावर हजारपट बारीक.
यंत्राचा घोंगावणारा सूर,
विजेने हातमोज्याला, भुवयांना, पेनाला
चिकटणारी पूड,
आणि औषधाला मात्र नेमकी नाही.
एकदा जोर जास्त झाला, घर्षणाने तापली,
तिथेच साखरली.
एकदा लेप इतका दाट
की पाण्यात टाकलेली चिमूट
तासभर वर तरंगत बसली, रुसल्यासारखी.
फळीवर धरून ठेवायचं
आणि पोटात सोडायचं,
एकाच पांघरुणाकडून दोन्ही मागतो आपण.

सोपान बेंडकुळे, रात्रपाळीचा ऑपरेटर,
त्याने वहीत लिहून ठेवलेलं असायचं:
‘३.१०. आवाज बदलला. थांबवलं.’
तेविसावी बॅच त्याच्या कानाने झाली.

सहाव्या महिन्यात टेकडी. नुसती टेकडी.
साहेबांनी पेढे मागवले.
नियमाला सहाच महिने पुरतात.
मी उगाच तीन बाटल्या मागे ठेवल्या होत्या.

आज नववा महिना.
एकोणीस अंशांवर
नखाएवढं टोक.
यंत्राची कुरकुर असेल, हेमलता म्हणाली.
पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच.
वहीत नोंद केली, तारीख घातली, सही केली,
आणि सहीखालचा कागद
जरा वेळ बोटाने दाबून धरला.

अडवता येत नाहीच ते.
दोन वर्षं लांबवायचं,
तेवढंच पाकिटावर छापायचं,
आणि त्या दोन वर्षांत
कुणीतरी ती गोळी घ्यायची.

घरी जाताना पाथर्डी फाट्यावर द्राक्षांची गाडी.
प्रत्येक मण्यावर पांढुरकी, कोरडी लव,
वेलीने थेंबही न वापरता लावलेली.
गाडीवाला ओल्या फडक्याने घड पुसत होता,
काळेभोर, चकचकीत करत.

माझा नका पुसू, म्हटलं.
पुसावं लागतं ताई, तो म्हणाला,
लोकांना वाटतं औषध आहे.